आठांचं गाऱ्हाणं

नागवेकरांच्या भातलावणीला कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही, याची चर्चा वाडीला वर्षभर पुरते. म्हणून घरातला धाकटा उन्मेष दर जुलैला डोंबिवलीहून चार दिवसांची रजा टाकून येतो, मोठ्या उत्साहाने चिखलात उतरतो आणि तासाभरात कंबर धरून बांधावर बसतो. यंदाही बसला. पण यंदा त्याच्या कंबरेची चेष्टा करायला कुणाला सवड नव्हती. सगळ्यांचे डोळे त्याच्या लेकीच्या गळ्यात लटकणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीकडे लागले होते. पिशवीत आर्याचा मोबाईल होता, आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा निकाल आज अकरा वाजता लागणार होता.

हेमा तिच्या शेजारीच वाकून लावत होती. तरव्याच्या जुडीतून चार-चार रोपं सुटी करायची, अंगठ्याने चिखलात रोवायची, एक पाऊल मागे सरकायचं. त्रेपन्न वर्षांत हे इतक्यांदा झालं होतं की तिचे हात आपले आपण चालत. डोकं मात्र आज थाऱ्यावर नव्हतं. साडेदहा झाले असतील, असं तिने तिसऱ्यांदा मनात म्हटलं आणि स्वतःवरच चिडली. परीक्षा भाचीने दिली होती आणि मिनिटं आत्या मोजत होती.

"आर्या, ओळ वाकडी चाललीय गो तुझी," ती म्हणाली.

"तुझी पण, आत्या."

हेमाने मागे वळून बघितलं. खरंच वाकडी होती.

बांधाच्या दुसऱ्या टोकाला चारुदत्त उभा होता. हेमाचा थोरला भाऊ, बासष्टीचा, घरातला कर्ता. वहिनी गेल्यापासून त्याचं बोलणं कमी झालं होतं आणि हुकूम वाढले होते.

"शेताचा हा कुणगा संपल्याशिवाय कुणी वर जायचं नाय," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "निकाल काय पळून जात नाय."

खाली शेतात मोबाईलला रेंज नव्हती. ती फक्त वर सड्यावर, उघड्या कातळावर जाऊन उभं राहिलं की यायची. पायवाटेने दहा मिनिटं.

"दादा, पाच मिनिटं लवकर गेलं तर काय बिघडलं?" नीरजा म्हणाली. एरवी दिरासमोर तिचा आवाज निघत नसे. पण पोटच्या पोरीचं प्रकरण होतं.

"जे ठरलंय ते ठरलंय. देवासमोर ठरलंय."

यावर नीरजाने नवऱ्याकडे बघितलं. उन्मेषने पऱ्याच्या वाहत्या पाण्याकडे बघितलं. हा माणूस असाच होता. भावाचं बोलणं त्याला पटायचं, बायकोचंही पटायचं, आणि दोघं समोरासमोर आली की त्याला कंबरदुखी आठवायची.

देवासमोर ठरलं होतं हे मात्र खोटं नव्हतं. मार्चमध्ये, शिमग्यात, पालखी अंगणात आली होती तेव्हाची गोष्ट.

त्याच्या आदल्या आठवड्यात पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला होता. सहा विषयांपैकी गणित-एक आणि ड्रॉइंग आर्याचे गेले. कॉलेज रत्नागिरीला, म्हणून ती आई-बापांना सोडून गावच्या घरी राहत होती. ज्या दिवशी कळलं त्याच संध्याकाळी ती कॉलेजच्या एसटीने रत्नागिरीहून घरी आली, दप्तर खांद्यावर तसंच ठेवून ओटीवर उभी राहिली आणि मोठ्या काकांना म्हणाली, "दोन विषयांत नापास झाले." हेमा तेव्हा मशीनवर ब्लाऊज शिवत होती. तिच्या पायाखालचं पायडल थांबलं. या घरात नापास झालेलं माणूस इतक्या सरळ आवाजात बोलू शकतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

चारुदत्तने आपलं म्हणणं राखून ठेवलं. शिमग्याला सगळे जमले तेव्हा बोलला.

"दोन जुने, सहा नवे. जूनमध्ये आठ पेपर. सहातले दोन गेले, तर आठातले किती जातील? हे गणित तरी येतं ना?"

"मोठे काका, मी करीन."

"अपूर्व पण हेच म्हणायचा."

चारुदत्तचा अपूर्व तिथेच नारळ सोलत बसला होता. त्याने मान वर केली नाही. पुण्याला इंजिनिअरिंगला असताना दोन वर्षं तो 'पास झालो' म्हणून फोन करायचा. एकदा पेढेही घेऊन आला होता. खरं कळलं तेव्हा वहिनी आजारी होत्या. त्या गेल्या, अपूर्व घरी आला, बागेत राबायला लागला आणि चांगला राबला. पण बाप आणि लेक तेव्हापासून फवारणी आणि कलमं यांपलीकडे बोलत नसत. चारुदत्त आर्याच्या शिक्षणाला आडवा येत होता तो दुष्टपणाने नव्हे. त्याला तेच दुखणं दुसऱ्यांदा नको होतं. हेमाला हे समजत होतं, आणि समजूनही त्याचा राग येत होता.

"मी काय वाईट सांगत नाय," तो म्हणाला. "आत्ताच काढूया. बी. कॉम.ला घालू. घरात राहील, बागेचं बघेल. उन्मेष?"

"तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे," उन्मेष म्हणाला, आणि नीरजाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने घाईघाईने जोडलं, "पण पोरीला एकदा विचारूया."

इतक्यात ढोल वाजले. पालखी अंगणात टेकली, आणि बाबू गुरवाने गाऱ्हाण्याला हात जोडून विचारलं, "कर्त्या, काय मागणं?"

चारुदत्तने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. बाबू गुरवाचा आवाज एकदा लागला की तीन वाड्यांत ऐकू जातो.

"हे गावदेवी म्हाराजा! ह्या घरची पोर हितं तुझ्या पायाशी उभी हाय. तिचे आठांचे आठ पेपर सुटले तर ती फुडं शिकंल, नायतर घरात ऱ्हाईल! दोन्ही अंगांनी जो शब्द दिला तो पाळून घे रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अंगणातली शंभर माणसं म्हणाली. सवयीने, ढोलाच्या ठेक्यावर. आर्याही म्हणाली. हेमाच्या तोंडून मात्र शब्द निघाला नाही.

कारण याच अंगणात, याच पालखीसमोर, पस्तीस वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी, अप्पांनी, असंच गाऱ्हाणं घातलं होतं. हेमा तेव्हा अठराची, रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकात पहिल्या वर्षाला. एकच विषय गेला होता, मेकॅनिक्स. 'पोरीचं मन घरात रमू दे,' एवढंच अप्पांनी मागितलं. तिला कुणी विचारलं नाही. आणि 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज होता सत्तावीस वर्षांच्या चारुदत्तचा.

पण यंदाच्या शिमग्याच्या त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या हेमाच्या एक गोष्ट लक्षात आली होती आणि ती एकटीच हसली होती. अप्पांच्या गाऱ्हाण्याला एकच बाजू होती. दादाच्या गाऱ्हाण्याला दोन होत्या. आठ सुटणं शक्यच नाही या खात्रीने त्याने अट घातली, आणि त्या भरात स्वतःलाही बांधून घेतलं. आता प्रश्न फक्त आठ सोडवण्याचा होता.

तो 'फक्त' किती मोठा आहे ते एप्रिलमध्ये कळलं.

आर्याने पडवीच्या भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं. आठ रकाने, आठ रंग, रोज आठही विषय, प्रत्येकाला पाऊण तास. पहाटे उठायची, एसटीत सूत्रं पाठ करायची, कॉलेजात लेक्चर आणि प्रॅक्टिकल, संध्याकाळी परत आल्यावर पाऊण तासाची घंटा लावून बसायची. घंटा झाली की हातातलं गणित अर्धवट टाकून केमिस्ट्री, केमिस्ट्रीची पानं उलटेपर्यंत पुढची घंटा. महिन्याभरात पोरगी सुकली, आणि मधल्या चाचणीत सहापैकी एकाही विषयात पन्नासपैकी पंधराच्या वर गेली नाही.

हेमा त्या दिवशी पडवीत अढी लावत होती. भाताच्या पेंढ्यात हापूसचे थर. आर्या तिथेच भिंतीला टेकून बसली आणि बसल्याबसल्या रडायला लागली.

"आत्या, मी सगळं करत्ये गो. रोज सगळं करत्ये. काहीच होत नाय."

हेमाने हातातला आंबा नाकाशी नेला, परत पेंढ्यात ठेवला, दुसरा उचलला. मग म्हणाली, "लहानपणी तू काय करायचीस आठवतं? मे महिन्यात आलीस की रोज सगळी अढी उपसायचीस. पिकला का, पिकला का म्हणून एकेक आंबा दाबून बघायचीस."

"आणि काका ओरडायचे."

"मग? ऊब मोडली की आंबा पिकतो का? सुरकुततो आणि आंबट राहतो. तू आठही विषय रोज दाबून बघतेस. एकालाही ऊब मिळत नाय."

आर्याने नाक पुसलं. "मग काय करू?"

"ज्याला वास सुटलाय तो आधी काढ. बाकीचे झाकून ठेव, आणि झाकल्यावर हात लावू नको."

दोघींनी ते वेळापत्रक भिंतीवरून काढलं. ज्यात थोडं तरी येत होतं ते प्रोग्रॅमिंग आणि इलेक्ट्रिकल पुढे घेतलं, एका वेळी दोनच विषय, दहा दिवस तेच. ते हाताखाली आले की पुढचे दोन. गणित-एक नेहमी सकाळी, डोकं ताजं असताना. झाकलेल्या विषयांची पुस्तकं हेमाने खरोखरच पेंढ्याखाली ठेवली, नाहीतर पोरीचा हात सारखा तिकडे जायचा. पूर्णगडची मनाल तिच्या वर्गात होती. तिची केमिस्ट्री पक्की, आर्याचं प्रोग्रॅमिंग. शनिवारी मनाल यायची, ओटीवर बसून दोघी एकमेकींना शिकवायच्या आणि जाताना मनाल पिकलेले चार आंबे घेऊन जायची.

राहिलं ड्रॉइंग. तिथे आर्याची गाडी अडायची. शंकूचं टोक कापलं आणि उरलेला भाग उलगडून सपाट केला तर कसा दिसेल, हे तिच्या डोळ्यांसमोर येईना. हेमाने तिच्या शीटवर वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मशीनच्या खणातून स्वतःच्या परकराचा कागदी नमुना काढून शीटवर ठेवला.

"हे काय?"

"कळीचा परकर. वर कंबर, खाली घेर. उभा केला तर तुझा टोक कापलेला शंकू, उसवून पसरला तर हे. मी रोज दोन कापत्ये."

आर्या कागदाकडे बघत राहिली. मग तिने तो गुंडाळला, उलगडला, परत गुंडाळला आणि जोरात हसली. त्यानंतर काकड्या तिरप्या कापून झाल्या, पुठ्ठ्याचे डबे उसवून झाले, आणि घरात कुठलीही वस्तू अख्खी राहिना. अपूर्व एकदा बागेतून आला तर दोघी मिळून त्याच्या फवारणीच्या नरसाळ्याची मापं घेत होत्या. तो वळून परत बागेत गेला. दुसऱ्या दिवशी मात्र पुण्याहून आणलेला आपला ड्रॉइंगचा ड्राफ्टर, सहा वर्षं माळ्यावर पडलेला, पुसून आर्याच्या टेबलावर ठेवून गेला.

आणि एका दुपारी, आर्या कॉलेजला गेलेली असताना, हेमाने तिचं मेकॅनिक्सचं पुस्तक उघडलं होतं. तिसऱ्या पानावर एक फळी, तिच्यावर वजन, दोन टेकू. कुठल्या टेकूवर किती भार? तिने ब्लाऊजच्या पावतीमागे आकडेमोड केली. मागच्या पानावरचं उत्तर बघितलं. बरोबर होतं. हेमाने ती पावती घडी करून डब्यात ठेवली होती, आणि हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

"अकरा वाजले," अपूर्व म्हणाला आणि हातातली जुडी बांधावर टाकली.

लावणी थांबली. चारुदत्तने तोंड उघडलं, पण त्याआधी अपूर्वच बोलला. "माझी ओळ झालीय, बाबा. मी जातो वर. आर्या, तू येतेस?"

आर्याने आपल्या ओळीकडे बघितलं. अजून दोन हात राहिली होती. "नाय दादा. माझी राहिलीय." मग हळूच म्हणाली, "तूच बघ." तिने गळ्यातली पिशवी काढून त्याच्या हातात दिली.

अपूर्व गेला. खाली नीरजा ओठ हलवत होती. हेमाने इतक्या जवळजवळ रोपं लावली की कोंबडीलाही मधून जाता आलं नसतं. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. मग पायवाटेवर अपूर्व दिसला. तो पळत नव्हता. एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखा हळू उतरत होता. आनंदाची बातमी आणणारं माणूस असं चालत नाही.

तो बांधावर येऊन थांबला. डोळे लाल होते.

"सुटले," तो म्हणाला. "आठही."

नीरजाच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला. उन्मेष कंबर विसरून उभा राहिला. पण चारुदत्तचा आवाज आला आणि सगळे होते तिथे थबकले.

"कोण म्हणतंय?"

"मी बघितलं, बाबा."

"तू."

एवढाच शब्द. त्यात काय होतं ते सगळ्यांना कळलं. पुण्याचे फोन होते, पेढे होते, वहिनींचं आजारपण होतं. अपूर्वचा चेहरा कुणीतरी मारल्यासारखा झाला.

"अरे, मग फोटो काढून आणायचास की स्क्रीनचा," उन्मेष मधे पडला.

"फोटो मी तेव्हाही दाखवला होता, काका," अपूर्व म्हणाला. "खोटा. म्हणून आज काढला नाय. बाबा, तुम्ही चला वर. स्वतः बघा."

चारुदत्त हलला नाही. चिखलात पोटऱ्यांपर्यंत रुतून उभा होता. हेमाला वाटलं, हा आता नाही म्हणणार, आणि मग हे घर कायमचं असंच राहणार. तिने हातातली जुडी खाली टाकली.

"चल, दादा. मी पण येत्ये."

पायवाट निसरडी होती. पुढे अपूर्व, मागे चारुदत्त, शेवटी हेमा. अर्ध्या वाटेत चारुदत्तला दम लागला. अपूर्वने हात पुढे केला; बापाने तो घेतला नाही, बाजूच्या करवंदीच्या जाळीला धरलं, आणि काटा लागला म्हणून जाळीला शिव्या दिल्या. वर सड्यावर वारा होता. काळ्या कातळावर पाणी साचलेलं, मधून मधून हिरवं गवत, आणि खाली लांब समुद्राची करडी पट्टी. अपूर्वने मोबाईल उघडून बापाच्या हातात दिला.

चारुदत्तने तो जवळ धरला, लांब धरला, डोळे बारीक केले. खिसा चाचपला.

"चष्मा ओटीवर राहिला," तो म्हणाला. "हेमा, तू वाच."

हेमाचा चष्मा तिच्या कमरेच्या पिशवीत होता. तिच्या हाताला तो लागतही होता.

"माझा पण घरीच राहिला," ती म्हणाली. "अपूर्वला वाचू दे."

चारुदत्तने मोबाईल लेकाकडे परत दिला.

"वाच."

अपूर्व वाचू लागला. "इलेक्ट्रिकल, एकोणसाठ, पास. प्रोग्रॅमिंग, चौऱ्याहत्तर, पास. केमिस्ट्री, बावन्न, पास." चारुदत्त चिखलाने माखलेल्या बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत होता. "फिजिक्स, अठ्ठेचाळीस, पास. गणित-दोन, पन्नास, पास. मेकॅनिक्स, एकसष्ट, पास." हेमाने समुद्राकडे तोंड फिरवलं. "आता मागचे. गणित-एक, त्रेचाळीस, पास. ड्रॉइंग..." इथे अपूर्वचा आवाज फुटला. "ड्रॉइंग, एक्क्याऐंशी."

"किती?"

"एक्क्याऐंशी, बाबा."

आठव्या पेरावर अंगठा थांबला. चारुदत्तने मोबाईलकडे बघितलंच नाही. तो लेकाच्या तोंडाकडे बघत होता. किती वर्षांनी बघत होता, ते हेमाला मोजता आलं असतं.

"परत वाच," तो म्हणाला.

अपूर्वने परत वाचलं, पहिल्यापासून. या वेळी चारुदत्तने बोटं मोजली नाहीत. नुसतं ऐकलं. मग हात लेकाच्या खांद्यावर ठेवला, आधाराला ठेवल्यासारखा, आणि पाच बोटांचा चिखल त्या शर्टावर उमटला.

"तेव्हा पण असंच खरं सांगितलं असतंस, तर मी काय मारलं असतं तुला?"

"हो," अपूर्व म्हणाला.

चारुदत्तने क्षणभर विचार केला. "हो. मारलं असतं," तो म्हणाला, आणि तिघंही एकदम हसली; हेमाच्या तर डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते हसण्याचं होतं की कसलं, हे तिला सांगता आलं नसतं.

मग बासष्ट वर्षांचा तो गृहस्थ सड्याच्या कडेला गेला, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि खाली शेताकडे ओरडला, "आठ! गो आर्या, आठ!"

खाली आर्या तशीच चिखलात बसली. नीरजा तिच्यावर पडली, उन्मेष दोघींवर पडला. त्याची कंबर पुढे आठवडाभर बरी नव्हती, पण त्याबद्दल तो कधी बोलला नाही.

कुणगा संपायला दुपार झाली. आर्याची ओळ तिनेच संपवली. नागवेकरांकडे शेवटची जुडी लागली की बांधाच्या कोपऱ्यातल्या राखणदाराच्या दगडापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. दरवर्षी बाबू गुरव येऊन घालतो. यंदाही आला होता, नारळ उचललाही होता. चारुदत्तने तो त्याच्या हातातून घेतला.

"आज मी घालतो."

सगळे हात जोडून उभे राहिले. चारुदत्तला गाऱ्हाण्याची सवय नव्हती. आवाज आधी चिरकला, मग लागला.

"हे राखणदारा म्हाराजा! शिमग्याला ह्या घरानं देवीपुढं शब्द दिला. आठांचे आठ सुटले तर पोर फुडं शिकंल. पोरीनं तिचा शब्द पुरा केला. आता आमचा आम्ही पुरा करतो. ती चारी वर्षं शिकंल, आनि ह्या घरातला कोणी तिच्या आड येणार नाय रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. अपूर्व सगळ्यांत मोठ्याने.

नारळ फोडायचा क्षण आला. चारुदत्तने तो वर उचलला, आणि परत खाली आणला.

"आनि एक," तो म्हणाला. आवाज उतरला होता. "पस्तीस वर्सांमागं ह्याच घरातली एक पोर एका पेपरासाठी घरात बसवली. तिला कोणी विचारलं नाय. तेव्हा 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्यांत माझा आवाज मोठा होता. ती चूक होती. आज मी ती सगळ्यांदेखत तुझ्या पायाशी ठेवतो, म्हाराजा."

कुणी उत्तर दिलं नाही. बाबू गुरव, ज्याचा जन्म 'व्हय म्हाराजा' म्हणवून घेण्यात गेला, तोही गप्प. सगळ्यांना कळत होतं की हे उत्तर एकाच माणसाने द्यायचं आहे.

हेमाला राग आला. आता? पस्तीस वर्षांनी, चिखलात उभं करून? सगळं मशीनवर वाकण्यात गेल्यावर? तो राग खरा होता आणि तिने तो येऊ दिला. मग तिने समोर बघितलं. नारळ दादाच्या हातात तसाच होता, न फोडलेला. बाजूला आर्या, केसांपर्यंत चिखलाने माखलेली, आत्याकडे टक लावून बघत होती. मेकॅनिक्स, एकसष्ट. ब्लाऊजच्या पावतीमागचं उत्तरही बरोबर होतं. हे आज संध्याकाळी आर्याला सांगायचं, असं हेमाने ठरवून टाकलं.

तिने छाती भरून श्वास घेतला.

"व्हय म्हाराजा!"

तो आवाज इतका मोठा निघाला की पऱ्यापलीकडच्या कुणग्यात वाकून लावणी करणारी माणसं सरळ उभी राहिली. गाऱ्हाणं कशाचं, कुणाचं, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. पण गाऱ्हाण्याला साथ द्यायची असते एवढं ठाऊक होतं. त्या सगळ्यांनी चिखलाचे हात जोडले आणि पलीकडून एका सुरात आरोळी दिली, "व्हय म्हाराजा!"

चारुदत्तने नारळ फोडला.